गुलाबतुऱ्याच्या कळपातील एकेरी तुरा

वायनडॉट ही कोंबड्यांची जुनी जात गुलाबतुऱ्यासाठी ओळखली जाते. तिची पैदास करणाऱ्याच्या कळपात नर आणि माद्या सगळ्यांच्या डोक्यावर रुंद, बसका आणि बारीक फोडांनी भरलेला तुरा असतो. अंडी उबवायला ठेवली जातात, एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात आणि त्यांतल्या एखाद्याच्या चोचीमागे रुंद गादीऐवजी बारीक उभी रेघ दिसते. काही आठवड्यांत त्या रेघेतून लेगहॉर्न कोंबडीला असतो तसा पातळ, दातेरी, उभा तुरा वर येतो. पैदासकाराच्या मनात पहिली शंका येते ती भेसळीची. पक्षी ज्याच्याकडून घेतले त्याने फसवले असावे किंवा शेजारच्या कळपातला एखादा नर आत शिरला असावा, असे त्याला वाटते आणि ते पिल्लू कळपातून काढून टाकले जाते.

बहुतेक वेळा यांपैकी काहीच घडलेले नसते. आईवडील दोघेही शुद्ध वायनडॉट असू शकतात आणि तरीही त्यांच्या पोटी एकेरी तुऱ्याचे पिल्लू जन्मू शकते. इतकेच नव्हे, तर गुलाबतुऱ्याच्या अनेक जाती आजवर चांगल्या फळत राहिल्या त्यामागे याच नकोशा एकेरी तुऱ्याचा मोठा वाटा आहे. हे कसे, ते समजून घेण्यासाठी तुऱ्याचा वारसा पिढीतून पिढीत कसा जातो हे सावकाश पाहावे लागेल.

तुरा म्हणजे डोक्यावरची जाड, मांसल त्वचा. तिच्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे अंगातली जास्तीची उष्णता बाहेर टाकण्यासाठी तुरा आणि गळ्याखाली लोंबणारे लोलक तिच्या उपयोगी पडतात. याच कारणाने कडाक्याच्या थंडीत उंच, पातळ तुऱ्याचे शेंडे गोठतात, काळे पडतात आणि गळून जातात, तर बसका तुरा बराचसा वाचतो. तुरा नराच्या संप्रेरकांवरही अवलंबून असतो. आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी 1849 मध्ये ग्योटिंगेन येथे कोंबड्यांची वृषणे काढली तेव्हा तुरे आक्रसले, आणि वृषण त्याच पक्ष्याच्या पोटात दुसऱ्या जागी रुजवले तेव्हा तुरे पुन्हा वाढले. संप्रेरकांच्या अभ्यासाचा आरंभ अनेकदा या प्रयोगापासून मानला जातो. येथे त्यातून घेण्याजोगी गोष्ट एवढीच की तुऱ्याचे आकारमान आणि तुऱ्याचा प्रकार या दोन वेगळ्या बाबी आहेत. आकारमान वय, लिंग, आरोग्य आणि ऋतू यांप्रमाणे बदलते, परंतु प्रकार अंड्यातच ठरतो आणि जन्मभर तोच राहतो.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. त्याचा तुरा एकेरी असतो. एकेरी तुरा ही मूळ स्थिती आहे आणि बाकीचे प्रकार हे तिच्यात नंतर झालेले बदल आहेत. गुलाबतुरा रुंद व बसका असतो आणि मागे त्याचे टोक निघते. वायनडॉट, हॅम्बर्ग आणि सेब्राइट या जातींत तो आढळतो. वाटाणातुरा ठेंगणा असतो. त्यावर तीन समांतर कंगोरे असतात, मधला थोडा उंच असतो आणि लोलकही आखूड राहतात. ब्रह्मा, कॉर्निश आणि असील या जातींत तो दिसतो. सिल्की जातीत अक्रोडाच्या कवचासारखा सुरकुतलेला अक्रोडतुरा असतो. याखेरीज दोन शिंगांसारखा दुभंगलेला तुराही असतो. त्याचे कारण वेगळ्याच जनुकात आहे, म्हणून तो येथे बाजूला ठेवू.

मेंडेल यांनी वाटाण्याच्या रोपांवरील आपले निष्कर्ष 1866 मध्ये छापले, पण त्यांकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. 1900 मध्ये ते पुन्हा उजेडात आले तेव्हा हे नियम वनस्पतींपुरतेच आहेत की प्राण्यांनाही लागू आहेत, असा प्रश्न उभा राहिला. इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन यांनी त्याआधीपासूनच कोंबड्यांचे संकर सुरू केले होते. 1902 मध्ये त्यांनी दाखवून दिले की कोंबड्यांच्या तुऱ्याचे प्रकार मेंडेल यांच्या नियमांप्रमाणेच उतरतात. प्राण्यांमधील मेंडेलीय वारशाच्या अगदी पहिल्या पुराव्यांपैकी हा एक होता. अनुवंशशास्त्राला त्याचे इंग्रजी नाव देणारे बेटसन हेच, आणि त्या शास्त्राच्या पायाभरणीत कोंबडीच्या तुऱ्याचा मोठा भाग आहे. पैदासकाराला याचा अभिमान वाटावा असे मला मनापासून वाटते.

आता मूळ नियम पाहू. प्रत्येक कोंबडीत तुऱ्याच्या प्रकाराशी संबंधित जनुकाच्या दोन प्रती असतात, एक वडिलांकडून आलेली आणि एक आईकडून आलेली. आपल्या पिल्लाला ती या दोहोंपैकी एकच प्रत देते आणि कोणती द्यायची हे नाणे उडवल्याप्रमाणे केवळ योगायोगाने ठरते. गुलाबतुऱ्याच्या जनुकाचे दोन प्रकार आहेत. एक तुरा रुंद करणारा, त्याला आपण गुलाब प्रत म्हणू. दुसरा रानकोंबड्यात होता तो मूळ प्रकार, त्याला साधी प्रत म्हणू. गुलाब प्रत प्रभावी आहे, म्हणजे दोहोंपैकी एक जरी गुलाब प्रत असली तरी तुरा गुलाबाचा होतो. साधी प्रत अप्रभावी आहे, म्हणून एकेरी तुरा दिसायचा तर दोन्ही प्रती साध्याच असाव्या लागतात.

पैदासकाराची फसगत येथेच होते. गुलाबतुरा असलेल्या दोन कोंबड्या शेजारी उभ्या केल्या तर एकीत दोन्ही प्रती गुलाबाच्या असू शकतात आणि दुसरीत एक गुलाबाची व एक साधी असू शकते, पण नुसते पाहून त्यांतला भेद सांगता येत नाही. पहिलीला आपण पूर्ण गुलाब म्हणू आणि दुसरीला वाहक. दोन वाहक एकत्र आले की पिल्लाला चार तऱ्हांनी प्रती मिळू शकतात. दोघांकडून गुलाब येईल, वडिलांकडून गुलाब व आईकडून साधी येईल, वडिलांकडून साधी व आईकडून गुलाब येईल, किंवा दोघांकडून साधीच येईल. पहिल्या तिन्ही तऱ्हांत तुरा गुलाबाचा होतो आणि चौथीत एकेरी. म्हणून अशा जोडीच्या पिल्लांपैकी सरासरी चौथा भाग एकेरी तुऱ्याचा निघतो. सरासरी हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. आठ पिल्लांत नेमकी दोन एकेरी निघतील असा याचा अर्थ नाही. कधी एकही निघणार नाही, कधी चार निघतील. लेखाच्या आरंभी आलेले पिल्लू म्हणजे ही चौथी तऱ्हा आहे. साधी प्रत कदाचित अनेक पिढ्या दोन्ही घराण्यांत न दिसता चालत आली आणि योगायोगाने एका अंड्यात तिची तिच्या जोडीदाराशी गाठ पडली.

मग गुलाब आणि वाटाणा यांचे परस्परांशी नाते काय? बेटसन आणि त्यांचे सहकारी रेजिनल्ड पनेट यांना पडलेला हा प्रश्न अतिशय फलदायी ठरला. शुद्ध गुलाबतुऱ्याच्या आणि शुद्ध वाटाणातुऱ्याच्या पक्ष्यांचा संकर केला असता पिल्लांत दोहोंपैकी एकही तुरा दिसत नाही, सगळी पिल्ले अक्रोडतुऱ्याची होतात. ही अक्रोडतुऱ्याची पिल्ले मोठी झाल्यावर आपसात जुळवली तर पुढच्या पिढीत चार प्रकार दिसतात: सोळांपैकी नऊ अक्रोड, तीन गुलाब, तीन वाटाणा आणि एक एकेरी. ज्या कळपाच्या मागच्या दोन पिढ्यांत एकेरी तुरा कोणी पाहिलाच नाही, त्या कळपात तो अचानक उगवतो. कारण असे की गुलाब आणि वाटाणा ही एकाच जनुकाची दोन रूपे नाहीत, ती दोन वेगळ्या जनुकांतील रूपे आहेत. गुलाबाच्या जागी साध्या प्रती आणि वाटाण्याच्या जागीही साध्याच प्रती असल्या की एकेरी तुरा होतो. फक्त गुलाब असला तर गुलाबतुरा, फक्त वाटाणा असला तर वाटाणातुरा आणि दोन्ही असले की अक्रोडतुरा. दोन जनुके मिळून एकच लक्षण घडवतात आणि त्यांच्या मिलाफातून तिसरेच रूप उभे राहते, हे त्यातून प्रथमच स्पष्टपणे दिसले. पिल्लांच्या शक्यता चौकटीत मांडण्याची जी रीत आज शाळेच्या पुस्तकांत असते, ती याच पनेट यांच्या नावाने ओळखली जाते.

वाटाण्याच्या बाबतीत एक बारकावा लक्षात ठेवावा. त्याची प्रत प्रभावी असली तरी पूर्णपणे नाही. वाटाण्याची एकच प्रत असलेल्या पक्ष्याचा तुरा अनेकदा थोडा मोठा असतो आणि मधला कंगोरा जास्त वर आलेला असतो. सरावलेल्या नजरेला त्यावरून वाहक ओळखता येतो. गुलाबतुऱ्यात अशी खूण मिळत नाही.

ही जनुके नेमकी कोणती, हे कळायला मात्र शंभर वर्षे जावी लागली. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी इतरांच्या सहकार्याने 2009 मध्ये वाटाणातुऱ्याचे कारण शोधून काढले. पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर सॉक्स-5 नावाचे जनुक आहे. वाटाणातुऱ्याच्या पक्ष्यांत त्या जनुकातील एका तुकड्याच्या पुष्कळ जादा प्रती ओळीने तयार झालेल्या आढळल्या. त्यामुळे गर्भावस्थेत ज्या जागी हे जनुक शांत असायला हवे त्या तुऱ्याच्या जागी ते काही काळ कामाला लागते आणि तुऱ्याची व लोलकांची वाढ आखडते. 2012 मध्ये गुलाबतुऱ्याचेही गूढ उकलले. सातव्या क्रमांकाच्या गुणसूत्राचा सुमारे 74 लाख डीएनए-अक्षरांचा एक मोठा भाग कापला जाऊन उलटा जोडला गेला आहे. पुस्तकातील पानांचा एखादा गठ्ठा सुटून उलट्या क्रमाने बांधला जावा, तसे हे झाले. या उलथापालथीत एमएनआर-2 नावाचे जनुक आपल्या मूळ शेजाऱ्यांपासून दूर गेले. वाढत्या गर्भाच्या तुऱ्याच्या ऊतींत ते एरवी चालू नसते, पण आता थोड्या काळासाठी तेथे चालू होते आणि तुरा रुंद होतो. अक्रोडतुऱ्याच्या गर्भात दोन्ही जनुके एकाच वेळी, एकाच ऊतीत, चुकीच्या ठिकाणी चालू झालेली असतात. बेटसन आणि पनेट यांनी पिल्ले मोजून जे ताडले होते, ते सूक्ष्म पातळीवरही तंतोतंत उतरले.

गुणसूत्राचा तुकडा उलटा बसला तेव्हा त्याचे एक टोक रिकाम्या जागी पडले नाही. ते सीसीडीसी-108 नावाच्या दुसऱ्याच एका जनुकाच्या मध्ये पडले आणि ते जनुक तुटले. हे जनुक शुक्राणूंच्या हालचालीसाठी लागते. ज्या नरात गुलाबाची एकच प्रत आहे त्याच्याकडे या जनुकाची दुसरी, शाबूत प्रत शिल्लक असते, त्यामुळे त्याचे काही बिघडत नाही. ज्या नरात दोन्ही प्रती गुलाबाच्या आहेत त्याच्याकडे शाबूत प्रत उरतच नाही. त्याच्या शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि त्याच्यापासून फलित अंडी कमी मिळतात. माद्यांच्या फलनक्षमतेवर याचा परिणाम दिसत नाही. पूर्ण गुलाबतुऱ्याचे नर कमी फळतात हे पैदासकारांना आणि संशोधकांना विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच माहीत होते. त्याचे कारण काय, हा मात्र 2012 पर्यंत तर्काचा विषय होता. गुलाब प्रतीचा आणखी एक, क्वचित आढळणारा प्रकारही याच संशोधनात सापडला. त्यात नंतरच्या एका जनुकीय अदलाबदलीमुळे सीसीडीसी-108 जनुक शाबूत राहिले आहे आणि त्या प्रकारात फलनाची अडचण येत नाही. म्हणून खाली लिहिलेले प्रत्येक कळपाला सारखेच लागू होईल असे नाही. ज्या कळपात गुलाबतुऱ्याच्या नरांकडून अंडी कमी फळतात, त्या कळपाला मात्र ते लागू पडण्याची शक्यता मोठी असते.

एका खुराड्यात दोन नर आहेत असे समजू, एक पूर्ण गुलाब आणि एक वाहक. दोघेही त्याच माद्यांशी संग करतात. कोंबडीच्या अंडवाहिनीत शुक्राणू साठून राहतात आणि तेथे दोन नरांच्या शुक्राणूंत स्पर्धा होते. मंद शुक्राणू मागे पडतात आणि बहुतेक पिल्ले वाहक नराची निघतात. दिसायला दोन्ही नर सारखेच असल्याने पैदासकाराला हे समजतही नाही. त्याने एकेरी तुऱ्याची पिल्ले वर्षानुवर्षे कितीही काढून टाकली, तरी प्रत्येक पिढीत निसर्ग वाहक नरालाच झुकते माप देतो आणि साधी प्रत कळपात टिकून राहते. दीडशे वर्षे निवड होऊनही वायनडॉट जातीत एकेरी तुरे का उगवतात, याचे हे उत्तर आहे.

एरवीही अप्रभावी प्रत केवळ काढून टाकण्याने लवकर नाहीशी होत नाही. साधे गणित करून पाहता येईल. सगळे पक्षी वाहक असलेल्या कळपाच्या पहिल्या पिढीत 25 टक्के पिल्ले एकेरी निघतील. ती सगळी काढून उरलेल्यांची सरमिसळ जुळणी केली, तर दुसऱ्या पिढीत नवव्या हिश्श्याएवढी, म्हणजे 11 टक्के निघतील. तिसऱ्या पिढीत सोळावा हिस्सा, चौथीत पंचविसावा हिस्सा आणि असेच पुढे. नवव्या पिढीत शंभरात एक पिल्लू एकेरी असेल आणि पैदासकाराला आपण जिंकलो असे वाटेल. परंतु त्या वेळी उरलेल्या 99 गुलाबतुऱ्याच्या पक्ष्यांत 18 वाहक असतील. सर्व नर सारखेच फळतात असे धरून केलेला हा हिशेब आहे. प्रत्यक्षात पूर्ण गुलाब नर कमी फळत असल्याने घट याहूनही संथ असते.

येथे वारसा जात म्हणजे काय, याचा विचार करणे आवश्यक आहे. अमेरिकेतील लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सी या संस्थेने कोंबड्यांसाठी जी व्याख्या केली आहे, तिच्यात जातीचे जुनेपण हा एकच निकष नाही. पक्ष्यांचे प्रजनन नैसर्गिक संगातून व्हायला हवे, मोकळ्यावर त्यांना दीर्घ उत्पादक आयुष्य लाभायला हवे, म्हणजे माद्या पाच ते सात वर्षे आणि नर तीन ते पाच वर्षे उपयोगी राहायला हवेत, आणि त्यांची वाढ संथ हवी, म्हणजे सोळा आठवड्यांच्या आत त्यांचे विक्रीयोग्य वजन भरू नये, असे ती व्याख्या सांगते. यांतला पहिला निकष माझ्या मते तुऱ्याच्या नमुन्याइतकाच वजनदार आहे. ज्या कळपात तुरा निर्दोष आहे पण अंडी फळत नाहीत, त्या कळपाने जातीचे एक लक्षण राखून दुसरे, अधिक मूलभूत लक्षण गमावले आहे. वायनडॉट या जातीचा चंदेरी किनारीचा प्रकार अमेरिकेच्या अधिकृत मानकांत 1883 मध्ये नोंदवला गेला आणि त्या मानकात तुरा गुलाबाचाच आहे. एकेरी तुऱ्याचा पक्षी प्रदर्शनात बाद होतो हे बरोबरच आहे. प्रदर्शनातून बाद झालेला पक्षी पैदाशीतूनही बाद करावा, हा मात्र वेगळा निर्णय आहे आणि तो विचारपूर्वक घेतला पाहिजे.

तुऱ्याच्या प्रकाराची निवड जाणीवपूर्वक करून जात घडवल्याचीही उदाहरणे आहेत. कॅनडातील क्वेबेक प्रांतात ओका येथील मठात ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शँटेक्लेर ही जात घडवायला घेतली. तेथील हिवाळ्यात मोठे तुरे आणि लोलक गोठत असल्याने दोन्ही शक्य तितके लहान असलेली, तरीही हिवाळ्यात अंडी देणारी कोंबडी त्यांना हवी होती. त्यांनी वापरलेल्या जातींत वाटाणातुऱ्याची कॉर्निश आणि गुलाबतुऱ्याची वायनडॉट या दोन्ही होत्या, शिवाय एकेरी तुऱ्याच्या लेगहॉर्न आणि प्लिमथ रॉकही होत्या. अनेक पिढ्यांच्या निवडीनंतर डोक्याला चिकटलेला, लहानशा उशीसारखा तुरा त्या जातीत स्थिर झाला. अशा पूर्वजांचा मेळ असलेल्या जातीत मधूनच एखाद्या पिल्लात दुसराच तुरा दिसला, तर त्याचे आश्चर्य वाटू नये.

वाटाणातुऱ्याचा आणखी एक उपयोग पैदासकार करतात. निळ्या कवचाच्या अंड्यांचे जनुकही पहिल्याच गुणसूत्रावर, वाटाणातुऱ्याच्या जनुकाच्या अगदी जवळ आहे. जवळजवळ असलेली जनुके बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. त्यामुळे निळी अंडी देणाऱ्या वाटाणातुऱ्याच्या पक्ष्याचा एकेरी तुऱ्याच्या जातीशी संकर केला, तर दुसऱ्या पिढीत वाटाणातुऱ्याची तलंग निळी अंडी देण्याची शक्यता पुष्कळ असते आणि ती अंड्यावर येण्याच्या कित्येक महिने आधी, पिल्लू असतानाच तिची निवड करता येते. हा नियम आंधळेपणाने वापरू नये. कधीकधी ही जोडी तुटते आणि निळ्या अंड्यांचे जनुक एकेरी तुऱ्याच्या साध्या प्रतीशी जोडले जाते. केंब्रिजमध्ये पनेट आणि मायकेल पीझ यांनी घडवलेली क्रीम लेगबार ही जात निळसर अंडी देते आणि तिचा तुरा एकेरी आहे. तिच्या संकरात वाटाणातुरा शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. आपल्या कळपात कोणती जोडी आहे, हे आधी पाहून घ्यावे लागते.

तुऱ्याचा प्रकार एकदोन जनुके ठरवत असली, तरी त्याची सुबकता तशी ठरत नाही. वायनडॉटच्या गुलाबतुऱ्याचे टोक कवटीच्या वळणाबरोबर खाली झुकते, तर हॅम्बर्गचे सरळ मागे जाते. दोन्हीकडे गुलाबाचेच जनुक आहे, पण फोडांची बारकाई, मधला खळगा, टोकाची दिशा या गोष्टी अनेक लहान जनुकांच्या एकत्रित परिणामातून येतात. त्यांच्यासाठी चौथा हिस्सा किंवा सोळावा हिस्सा असा हिशेब मांडता येत नाही. पिढ्यान्पिढ्या चांगले पक्षी निवडत राहणे हाच त्यावर मार्ग आहे. प्रकार बिघडला आहे की घडण बिघडली आहे, हे नवख्या पैदासकाराने प्रथम ओळखायला शिकावे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

दोष दिसला की पक्षी काढ, या सवयीचा आणखी एक धोका लहान कळपात असतो. एक नर आणि दहा माद्या ठेवल्या तर पक्षी अकरा होतात, परंतु पुढच्या पिढीचा अर्धा वारसा त्या एकाच नराकडून येतो. अनुवंशशास्त्राच्या सूत्रानुसार अशा कळपाची प्रभावी संख्या, म्हणजे वारशाच्या दृष्टीने तो किती पक्ष्यांच्या कळपासारखा वागतो ती संख्या, चारपेक्षाही कमी भरते आणि दर पिढीत रक्तसंबंध सुमारे 14 टक्क्यांनी वाढतो. तेवढ्याच माद्यांबरोबर चार नर ठेवले तर प्रभावी संख्या 11 च्या पुढे जाते आणि ही वाढ पाच टक्क्यांच्या खाली येते. केवळ तुऱ्यासाठी उत्तम बांध्याचे नर बाद करत गेल्यास शेवटी एकच नर उरतो आणि त्याबरोबर अंडी न फळणे, पिल्ले अशक्त निपजणे हे रक्तसंबंधाचे परिणाम मागे लागतात. गुलाबतुऱ्याच्या जातीत तो एकटा नर पूर्ण गुलाब निघाला तर दोन्ही संकटे एकदम येतात.

यावरचा उपाय त्याच काढून टाकल्या जाणाऱ्या पिल्लात आहे. एकेरी तुऱ्याच्या पक्ष्याकडे साधी प्रत सोडून देण्यासारखे दुसरे काहीच नसते. म्हणून तो ज्याच्याशी जुळवला जाईल त्याच्या प्रती पिल्लांच्या डोक्यावर उघड होतात. बांधा, पिसांची किनार आणि प्रकृती चांगली असलेला एकेरी तुऱ्याचा एक नर निवडावा आणि त्याला गुलाबतुऱ्याच्या माद्यांबरोबर सोडावे. त्याआधी माद्यांना कमीत कमी तीन आठवडे कोणत्याही नरापासून दूर ठेवावे, कारण आधीच्या नराचे शुक्राणू त्यांच्या शरीरात दोनतीन आठवडे टिकू शकतात आणि त्या काळातली अंडी चाचणी बिघडवतात. प्रत्येक मादीची अंडी ओळखता येतील अशी सोय करून त्यांवर तिचा क्रमांक लिहावा आणि पिल्ले बाहेर येतानाही ती वेगवेगळी राहतील असे पाहावे. ज्या मादीचे एक जरी पिल्लू एकेरी निघाले ती वाहक आहे, हे एका पिल्लावरूनच सिद्ध होते. जिची सगळी पिल्ले गुलाबतुऱ्याची असतील तिच्याबद्दलची खात्री पिल्लांच्या संख्येबरोबर वाढते. मादी वाहक असूनही पाचही पिल्ले गुलाबाची निघण्याची शक्यता 32 मध्ये एक असते आणि सातही तशी निघण्याची शक्यता 128 मध्ये एक. सात पिल्ले मिळाली तर तिला पूर्ण गुलाब मानायला हरकत नाही. हीच चाचणी एकेरी तुऱ्याऐवजी माहीत असलेल्या वाहक नराकडून करायची म्हटल्यास तेवढ्याच खात्रीसाठी 17 किंवा अधिक पिल्ले लागतात.

या एकाच जुळणीतून दोन कामे होतात. एकीकडे माद्यांची पारख होते आणि दुसरीकडे जे नर हवेत तेही तयार होतात. एकेरी तुऱ्याच्या बापाने प्रत्येक पिल्लाला साधी प्रतच दिलेली असते, म्हणून त्याचा गुलाबतुऱ्याचा प्रत्येक मुलगा निःसंशय वाहक असतो. त्याला वेगळी चाचणी लागत नाही आणि त्याच्या फलनक्षमतेची काळजी करावी लागत नाही. अशा मुलांतले सर्वांत चांगले दोनतीन निवडून त्यांच्या पायात ओळखीची कडी घालावी आणि पुढच्या हंगामात त्यांना पूर्ण गुलाब ठरलेल्या माद्यांबरोबर सोडावे. त्या माद्या त्यांच्या आया किंवा सख्ख्या बहिणी नसतील असे नोंदवहीत पाहून घ्यावे. प्रत्येक पिल्लाला आईकडून गुलाब प्रत मिळणारच असल्याने सगळ्या पिल्लांचा तुरा गुलाबाचा येतो. त्यांतली अर्धी पूर्ण गुलाब असतील आणि अर्धी वाहक. दिसण्यात त्यांच्यात काही फरक नसेल, म्हणून त्यांच्यातून पैदाशीसाठी नर घ्यायची वेळ आली की एकेरी तुऱ्याची एखादी चांगली कोंबडी पुन्हा लागेल. तिच्यासाठी खुराड्यात एक जागा आधीपासून राखून ठेवावी.